भुलीचा खर्च कुठं वाचवावा, कुठं वाचवू नये

 

आज आपण भुलीबद्दल बोलणार आहोत. ऑपरेशनच्या आधी देतात ती भूल. हा विषय बचत गटाचा कसा, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर आपल्या कर्जाच्या वहीत आहे. आम्ही गटांच्या वह्या तपासायला बसतो तेव्हा अंतर्गत कर्जाच्या कारणांत बियाणं, खत, शाळेची फी यांच्या जोडीला एक शब्द सारखा येतो : दवाखाना. आणि दवाखान्याचं मोठं कर्ज बहुतेक वेळा ऑपरेशनचं असतं. बिलाच्या कागदावर खाटेचे पैसे, औषधाचे पैसे, डॉक्टरांची फी असते आणि मध्ये कुठं तरी एक ओळ भुलीची असते. त्या ओळीबद्दल कुणी काही विचारत नाही. भूल म्हणजे काय, ती किती तऱ्हांची, हेच ठाऊक नसतं, मग विचारणार काय?

ही गोष्ट आपल्या एकट्या तालुक्याची नाही. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या एका आयोगानं जगभराचा हिशेब मांडला. जगातल्या सुमारे ५०० कोटी लोकांना गरज पडेल तेव्हा सुरक्षित आणि परवडणारं ऑपरेशन आणि भूल मिळत नाही. ऑपरेशन आणि भुलीच्या खर्चापायी दर वर्षी ३ कोटी ३० लाख लोकांचं कंबरडं मोडतं. आणि नुसतं गाडीभाडं, खाणंपिणं, राहणं यापायी आणखी ४ कोटी ८० लाख लोकांचं. हा दुसरा आकडा आपल्याला पटकन समजतो. जीपचं भाडं, सोबत आलेल्या माणसाचा डबा आणि बुडालेली मजुरी आपण सगळ्यांनी मोजलेली आहे.

म्हणून आज दोन गोष्टी सांगायच्या आहेत. भुलीत पैसा कुठं वाचवता येतो, ही एक. आणि कुठं एक पैसाही वाचवायचा नाही, ही दुसरी. वाया जातं ते थांबवणं ही बचत. लागतं ते कापणं ही कंजुषी. बचत गटातल्या बाईला हा फरक शिकवावा लागत नाही. आपल्याला तो फक्त ऑपरेशनच्या खोलीपर्यंत न्यायचा आहे.

आधी भूल समजून घेऊ. ती ढोबळ मानानं तीन तऱ्हांची असते. पहिली, जिथं काम करायचं तेवढीच जागा बधिर करायची. दात काढताना हिरडीत सुई देतात ती हीच. दुसरी, अंगाचा एक भाग बधिर करायचा. सिझरच्या वेळी कमरेत, मणक्यांच्या मधल्या जागेत सुई देतात. कमरेखालचं अंग बधिर होतं, पण बाई जागी असते, बोलत असते. हात मोडला असेल तर खांद्याजवळ किंवा काखेजवळ सुई देऊन फक्त हात बधिर करता येतो. तिसरी म्हणजे पूर्ण भूल. यात माणसाची शुद्ध जाते. औषध शिरेतून देतात किंवा वायू श्वासावाटे देतात, आणि बहुतेक वेळा श्वासाचं काम यंत्रानं चालवावं लागतं.

आता पैशाचा विचार करा. कमरेतल्या सुईला मुख्य सामान किती? औषधाची एक छोटी कुपी, त्यातलं दोनएक मिली औषध आणि एक बारीक सुई. या दोन्हींची किंमत शेकड्यात मोजायची, हजारात नाही. पूर्ण भुलीला यंत्र लागतं, वायू लागतो, जास्त ऑक्सिजन लागतो, चार-पाच औषधं लागतात. म्हणून जिथं कमरेच्या सुईवर काम होतं तिथं ती दिली तर खर्च आटोक्यात राहतो. सिझरला तर ती बहुतेक बायकांसाठी जास्त सुरक्षितही आहे. बाई स्वतः श्वास घेत असते, औषध बाळापर्यंत फारसं पोचत नाही, बाळाचं पहिलं रडणं आईला ऐकू येतं आणि लवकर अंगावर पाजता येतं.

पण आपल्याकडं काय होतं? सासूबाई, जाऊबाई, शेजारीण सांगतात, कमरेत सुई घेऊ नको, जन्माची कंबर जाईल. आमच्या एका गटातल्या ताईंनी याच भीतीनं ऑपरेशनच्या दारात हट्ट धरला की मला पूर्ण झोपवा. भूल देणाऱ्या बाईंनी दहा मिनिटं बसून समजावलं तेव्हा त्या तयार झाल्या. तर मैत्रिणींनो, हे नीट ऐका. कमरेतल्या सुईनं जन्मभराचं कंबरेचं दुखणं लागत नाही. टोचल्या जागी दोन-चार दिवस ठणकतं, ते जातं. बाळंतपणानंतर कंबर दुखते ती नऊ महिने ओझं वाहिल्यानं, अंगातली ताकद गेल्यानं, वाकून पाजल्यानं आणि सव्वा महिना होतो न होतो तोच हंडे उचलल्यानं. ज्यांचं साधं बाळंतपण झालं त्यांचीही कंबर दुखतेच की! हां, एक त्रास खरा आहे. बारीक सुईनंसुद्धा शंभरात एखादीचं डोकं दुखतं, उठून बसलं की जास्त, आडवं झालं की कमी. असं झालं तर लपवू नका, लगेच सांगा. त्याला उपचार आहे.

आणि ही सुई सगळ्यांना चालते असंही नाही. खूप रक्त गेलं असेल, रक्त गोठत नसेल, टोचायच्या जागी जखम किंवा संसर्ग असेल, किंवा पोटाच्या वरच्या भागाचं मोठं ऑपरेशन असेल, तर पूर्ण भूलच योग्य. तो निर्णय भूलतज्ज्ञांचा. आपण एवढंच विचारायचं : “डॉक्टर, मला कुठली भूल देणार, आणि तीच का?” हा प्रश्न विचारल्यानं कुणी रागावत नाही. आणि रागावलं तरी विचारायचा.

कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनचंही सांगून ठेवतो. सरकारी नियमावलीत बायकांच्या नसबंदीसाठी पहिली पसंती जागा बधिर करायच्या भुलीलाच दिलेली आहे. आणि पुरुषांची नसबंदी तर याहून सोपी. जागा बधिर करायची, टाका घालायचा नाही, थोड्या वेळात काम संपतं आणि माणूस त्याच दिवशी घरी. खर्च कमी, धोका कमी, भूल अगदी थोडी. एवढी बचत समोर असताना शिबिराला मात्र बायकांचीच रांग लागते. हा कार्यक्रम घरातले पुरुषही ऐकत असतील, तर आवाज जरा मोठा करा.

आता भुलीच्या वायूकडं येऊ. हा विषय ऐकायला लांबचा वाटेल, पण आपल्या शेताशी त्याचा संबंध आहे. पूर्ण भुलीत जो वायू श्वासावाटे देतात तो अंगात फारसा खर्च होत नाही. बहुतेक सगळा उच्छ्वासावाटे परत बाहेर येतो. ऑपरेशनच्या खोलीतल्या माणसांना तो लागू नये म्हणून नळीनं छपरावर नेऊन सोडतात. म्हणजे आपण विकत घेतलेला वायू शेवटी आभाळात जातो. आणि हे वायू उष्णता धरून ठेवतात. ज्या गरमीनं पाऊसपाण्याचा मेळ बिघडतोय, त्यात यांचाही वाटा.

यातला सगळ्यात वाईट डेसफ्लुरेन. एक किलो डेसफ्लुरेन हवेत सोडला तर शंभर वर्षांच्या हिशेबानं सुमारे अडीच हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. तो महागही आहे. आणि त्याच्याशिवाय काम अडत नाही. सेव्होफ्लुरेन नावाचा दुसरा वायू त्याच्या जागी चालतो आणि त्याचा हवेवरचा भार कितीतरी कमी आहे. म्हणून स्कॉटलंडच्या सरकारी आरोग्य सेवेनं २०२३ मध्ये डेसफ्लुरेनचा वापर थांबवला. युरोपीय संघात १ जानेवारी २०२६ पासून, अगदीच दुसरा उपाय नसेल तेवढं वगळून, तो वापरायला बंदी आहे. श्रीमंत देश जे महागडं आणि घाण म्हणून सोडून देतायत ते आपण नवं आणि भारी म्हणून घ्यायचं, असं व्हायला नको.

दुसरा वायू नायट्रस ऑक्साइड. याला लाफिंग गॅस म्हणतात. हा हवेत गेला की शंभरावर वर्षं तिथंच राहतो आणि कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट जास्त उष्णता धरतो. आता गंमत ऐका. हाच वायू आपल्या शेतातूनही उठतो. गरजेपेक्षा जास्त युरिया टाकला की पिकानं न घेतलेल्या नत्रातून मातीतले जिवाणू हा वायू तयार करतात. जगात माणसामुळं होणाऱ्या या वायूतला मोठा वाटा शेतीचाच आहे, दवाखान्याचा थोडा. म्हणजे युरियाचं पोतं मोजून वापरणं आणि दवाखान्यातला वायू मोजून वापरणं हे एकाच तऱ्हेचं काम आहे. दोन्हीकडं पैसा वाचतो आणि हवाही.

हा वायू वाया कसा जातो, याचा स्कॉटलंडमधला किस्सा सांगण्यासारखा आहे. एडिनबरा भागातल्या रुग्णालयांत त्यांनी हिशेब लावला : वायू किती विकत आणला आणि पेशंटला खरोखर किती दिला. तेव्हा कळलं की बहुतेक वायू पेशंटपर्यंत पोचतच नव्हता. मोठ्या टाक्यांतून भिंतीतल्या नळांनी तो खोल्याखोल्यांत नेलेला, आणि वाटेतच गळती. आपल्या गावच्या नळयोजनेसारखंच! टाकी भरते, मोटर चालते, बिल येतं आणि शेवटच्या घरी पाणी पोचत नाही. उपाय साधा निघाला. नळ बंद करायचे आणि जिथं लागेल तिथं छोटं सिलिंडर यंत्राला लावायचं. भूल देण्यात काही कमी झालं नाही. बिल कमी झालं आणि हवा वाचली.

तिसरी बचत झाकणाची. आपण डाळ शिजवताना पातेल्यावर झाकण ठेवतो, वाफ आत राहते, सरपण कमी लागतं. भुलीच्या यंत्रातही असंच करता येतं. पेशंटनं बाहेर सोडलेला श्वास गोल नळीतून पुन्हा फिरवतात. मध्ये सोडालाइम नावाचे चुन्याचे दाणे असतात, ते त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात, आणि उरलेला भुलीचा वायू पुन्हा कामी येतो. मिनिटाला पाच-सहा लिटर ताजा वायू सोडण्याऐवजी एका लिटरच्या आसपास भागतं. औषध कमी लागतं, आभाळातही कमी जातं. पण यालाही अट आहे. आत ऑक्सिजन किती आहे आणि कार्बन डायऑक्साइड किती आहे हे दाखवणारं मीटर यंत्राला पाहिजे. झाकण ठेवलं की आत काय शिजतंय याचा अंदाज पाहिजे, तसंच.

इथं एक सावधगिरी. कमरेची सुई दिली म्हणजे हवेचं नुकसान आपोआप टळलं, असं समजायचं नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या डॉक्टरांनी गुडघेबदलाच्या ऑपरेशनांचा हिशेब केला. कमरेच्या सुईचा आणि पूर्ण भुलीचा हवेवरचा भार जवळपास सारखाच निघाला. कारण सुई दिलेल्या पेशंटनाही खूप ऑक्सिजन सोडला जात होता आणि एकदा वापरून टाकायचं प्लास्टिक दोन्हीकडं ढिगानं होतं. म्हणजे वाया घालवायची सवय तशीच राहिली तर पद्धत बदलून फारसा उपयोग होत नाही.

या प्लास्टिकचंही बोलू. ऑपरेशनच्या खोलीत अंगावर घालायचे झगे, पेशंटवर पांघरायच्या चादरी, टोप्या, हे पूर्वी कापडाचं असायचं. धुवायचं, वाफेच्या भांड्यात निर्जंतुक करायचं, पुन्हा वापरायचं. आता बऱ्याच ठिकाणी एकदा वापरून फेकायचे संच आले. कापडी सामान नीट धुतलं आणि निर्जंतुक केलं तर चांगलं चालतं. श्वासाच्या वाटेत घालायच्या काही नळ्या आणि तोंड उघडून बघायचं धातूचं साधनसुद्धा पुन्हा पुन्हा निर्जंतुक करून वापरण्यासाठीच बनवलेलं मिळतं. कोरोनाच्या साथीत आपल्या गटांनी मास्क शिवून दिले होते, आठवतं? रुग्णालय कापडी झगे-चादरी वापरणार असेल तर ते काम तालुक्यातल्या शिवणयंत्रांवर होऊ शकतं. माप आणि कापडाचा दर्जा रुग्णालयानं ठरवून द्यायचा, आपण शिवायचं.

गरीब देशांत भुलीचं काम थोड्या सामानात कसं चालतं, याची उदाहरणं आहेत. आफ्रिकेतल्या मलावी देशात वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि सिलिंडर लांबून आणावे लागतात. तिथं अनेक वर्षं काम केलेल्या डॉ. पॉल फेंटन यांनी असं यंत्र तयार केलं की जे हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढतं, आणि वीज गेली तर साध्या हवेवर हातानं चालवता येतं. केटामाइन नावाचं जुनं औषधही असंच आधाराचं. ते दिल्यावर माणूस बहुधा स्वतः श्वास घेत राहतो, म्हणून जिथं मोठं यंत्र नाही तिथं त्याच्यावर ऑपरेशनं होतात. ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. नशेसाठी त्याचा गैरवापर होतो म्हणून जगभर कडक निर्बंध आणायची मागणी झाली, तेव्हा या संघटनेनं सांगितलं की तसं केलं तर गरीब देशांतली ऑपरेशनं अडतील.

आणि आपल्या गडचिरोलीतलं हेमलकसा घ्या. १९७३ पासून भामरागडच्या जंगलात डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी दवाखाना चालवला. सुरुवातीची कित्येक वर्षं तिथं वीज नव्हती. मंदाकिनीताईंचं शिक्षण भूलशास्त्राचं. भूल द्यायला बाई असणं ही आपल्या देशात नवी गोष्ट नाही. हैदराबादच्या रूपाबाई फर्दुनजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी क्लोरोफॉर्मची भूल द्यायचं काम केलं. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतलं जातं.

हे झालं वाचवायचं. आता जिथं वाचवायचं नाही ते सांगतो, आणि हे जास्त महत्त्वाचं आहे.

पहिलं, पहारा देणारं माणूस. भूल देऊन झाली की काम संपलं असं नाही. ऑपरेशन चालू असेपर्यंत आणि नंतर शुद्ध येईपर्यंत एका शिकलेल्या माणसानं पेशंटच्या डोक्याशी बसून श्वास, नाडी, रक्तदाब बघत राहायचं असतं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनीच भूल द्यायची आणि मग पाठ फिरवून पोट उघडायचं, ही बचत नाही, हा जिवाशी खेळ आहे. आपल्याकडं अडचण अशी की भूलतज्ज्ञ पुरेसे नाहीत. जगातले तज्ज्ञ सांगतात, लाख लोकांमागं किमान ५ तरी पाहिजेत. आपला देश तिथवर पोचलेला नाही, आणि जे आहेत ते बहुतेक शहरात. यावर तोड म्हणून सरकारनं एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचं जीवरक्षक भुलीचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली, अडलेल्या बाईच्या सिझरसाठी तालुक्याच्या ठिकाणीच कुणी तरी असावं म्हणून. आपल्या ग्रामीण रुग्णालयात असं प्रशिक्षण घेतलेलं कुणी आहे का, हा प्रश्न रुग्ण कल्याण समितीत विचारता येतो.

दुसरं, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. कोरोनात तो आपण सगळ्यांनी पाहिला. आशाताई दारोदार घेऊन फिरत होत्या. रक्तात ऑक्सिजन किती आहे ते तो दाखवतो. भूल दिलेल्या माणसाचा श्वास मंदावला तर ओठ निळे दिसायच्या आधी हे यंत्र ओरडतं. तरीही २०१० मध्ये झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा होता की जगातल्या सुमारे ७७ हजार ऑपरेशन खोल्यांत हे साधं यंत्र नाही. म्हणून २०११ मध्ये ‘लाइफबॉक्स’ ही संस्था सुरू झाली. तिनं गरीब देशांत हजारो ऑक्सिमीटर पोचवले. ती सुरू करणाऱ्यांत अमेरिकेतले सर्जन डॉ. अतुल गवांदे होते. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं, उमरखेडजवळचं उटी.

तिसरं, सुई आणि सिरिंज. झगे-चादरी धुऊन वापरायच्या, पण सुई, सिरिंज, सलाइनची नळी ही एका पेशंटला एकदाच. उघडलेली औषधाची कुपी तशीच ठेवून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाईला द्यायची नाही. चौथं, ऑक्सिजन. एक सिलिंडर चालू आणि एक भरलेलं राखीव. पाण्याची दुसरी घागर भरलेली असल्याशिवाय आपण लग्नाचा स्वयंपाक मांडत नाही, मग इथं तर जीव आहे.

आता आपल्या हातात काय आहे ते बघू. सगळ्यात मोठी उधळपट्टी कुठली, माहीत आहे? ऐनवेळी रद्द झालेलं ऑपरेशन. जीप केली, मजुरी बुडवली, रात्री मुक्काम केला आणि सकाळी सिस्टर म्हणतात, आज होणार नाही. याची दोन कारणं आपल्या घरात असतात. एक, अंगात रक्त कमी. ऑपरेशन ठरल्यापासून लोहाच्या गोळ्या नियमानं घ्या, तपासणी आधीच करा. दोन, पोटात अन्न. भूल दिल्यावर पोटातलं अन्न वर येऊन श्वासाच्या वाटेत गेलं तर माणूस दगावू शकतो. म्हणून जेवण सहा तास आधी बंद. साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या दवाखान्यात जे सांगतील ते पाळा. दूध आणि दुधाचा चहा म्हणजे अन्नच. “पोरीला भूक लागली म्हणून दोन बिस्किटं दिली” असं झालं असेल तर ते सांगून टाका. ऑपरेशन पुढं गेलं तर पैसे जातील, लपवलं तर पोर जाईल.

आणखी काही गोष्टी भूल देणाऱ्याला खरं सांगायच्या. मिश्री किंवा तंबाखू लावता का. दमा, फिट, रक्तदाब, साखर आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. आधी कधी भूल दिली होती का आणि तेव्हा काही त्रास झाला का. घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का. हलणारा दात किंवा कवळी आहे का. नखांवरचं पॉलिश काढून जा, ऑक्सिमीटरला अडथळा नको.

सरकारी हक्कही विसरू नका. जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण आणि सिझर मोफत. त्यात औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि येण्याजाण्याची गाडी आली. त्या मोफतमध्ये भूलही आली. भुलीचं औषध बाहेरून आणा असं कुणी म्हटलं तर चिठ्ठीवर लेखी मागा आणि वैद्यकीय अधीक्षकांना दाखवा. इतर ऑपरेशनांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. दाखल होतानाच रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटा. बिल झाल्यावर नाही.

शेवटची गोष्ट अवघड आहे, पण आमच्या भागात ती बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. सगळ्यात स्वस्त भूल कुठली? जी घ्यावीच लागली नाही ती. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढं आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणात ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी अजून तरुण. पांढरं जातं, पाळी जास्त जाते, पोटात दुखतं, यातल्या बऱ्याच दुखण्यांना गोळ्या-औषधांचा उपचार असतो. मुकादमाची उचल फेडायची आहे, कोयता बंद ठेवता येत नाही, म्हणून बाई कायमची सुटका मागते, आणि ऑपरेशनपायी पुन्हा नवी उचल घेते. कुणी पिशवी काढायला सांगितलं तर सही करायच्या आधी सरकारी रुग्णालयात दुसरं मत घ्या. ‘कॅन्सर होईल’ या एका वाक्यावर घाबरून सही करू नका. तपासणीचा कागद मागा. खरंच गरज असेल तर ऑपरेशन करायचं, टाळायचं नाही. तिथं वाट बघणं हीही कंजुषीच.

तर पुढच्या मासिक बैठकीत एवढं करा. कर्जाच्या वहीच्या मागच्या पानावर पाच प्रश्न लिहून ठेवा. हे ऑपरेशन केलंच पाहिजे का, दुसरा उपाय आहे का? कुठली भूल देणार आणि तीच का? भूल कोण देणार, आणि ते शेवटपर्यंत थांबणार का? बोटाला ऑक्सिमीटर आणि राखीव ऑक्सिजन आहे का? भुलीचा खर्च किती, आणि तो कुठल्या योजनेत बसतो? दवाखान्यासाठी कर्ज मागायला जी बाई येईल तिला आधी हे पान वाचून दाखवा. कर्ज अडवायला नाही, तिला हातात काही तरी देऊन पाठवायला. ज्या गटात वाचणारी कुणी नसेल तिथं शाळेतल्या मुलींना वाचायला सांगा, त्याही शिकतील.

आणि गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता समितीत आपल्या गटाची जी ताई बसते, तिनं तालुक्याच्या रुग्णालयाबद्दल तीन गोष्टी विचारायच्या : भूल देणारं माणूस आठवड्यातून किती दिवस असतं, ऑक्सिमीटर चालू आहे का, आणि वायूच्या नळांची गळती शेवटची कधी तपासली. तिसरा प्रश्न ऐकून साहेब जरा चमकतील. चमकू द्या.

तुमच्या गटात कुणाला भुलीबद्दल काही शंका असेल तर ती आपल्या सीआरपी ताईंकडं लिहून द्या. आम्ही भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारून पुढच्या वेळी सांगू. तब्येतीला जपा, लोहाच्या गोळ्या चुकवू नका. नमस्कार.